रणगाड्यापुढची जपमाळ, फळ्यावरच्या रेघा

फिलिपिन्समधल्या एखाद्या शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. तारीख ७ फेब्रुवारी १९८६. राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान नुकतंच आटोपलंय. निवडणुकीचं काम तिथेही आपल्यासारखंच शाळामास्तरांच्या गळ्यात. बाई पेटी उघडतात, एकेक मतपत्रिका उलगडतात आणि तीवरचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचतात. शिक्का नाही, चिन्ह नाही; मतदारानं उमेदवाराचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहायचं. नाव वाचलं की फळ्यावर एक रेघ. चार उभ्या, त्यांना छेदणारी पाचवी आडवी. दिवे जाऊ नयेत म्हणून सगळे देवाचा धावा करताहेत, कारण अंधार झाला की पेट्या बदलतात, हा तिथला अनुभव. आणि अशा कित्येक वर्गांत मागच्या बाकावर एखादी सिस्टर बसलेली असे. फळ्यावरचा आकडा ती आपल्या कागदावर उतरवून घेई.

त्या फेब्रुवारीतलं जे दृश्य जगाच्या लक्षात राहिलं ते वेगळंच: रणगाड्यांसमोर गुडघे टेकून जपमाळ ओढणाऱ्या धर्मभगिनी. दृश्य आहेच तसं. पाहून अंगावर काटा येतो. पण मला विचाराल तर श्रद्धा आणि राजकारण यांची त्या देशात जी गाठ पडली तिचं खरं नवल त्या मागच्या बाकावर आहे. रणगाडे नंतर आले, आणि मोजणी झालेली नसती तर त्यांना अडवायला इतके लोक घराबाहेर पडले असते असं मला वाटत नाही.

मनिला आपल्याला ठाऊक आहे ती मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली पहिल्याच वर्षी विनोबांना तो मिळाला, १९८५ साली बाबा आमट्यांना. समाजसेवेचा गौरव करणाऱ्या त्याच शहरात तेव्हा हुकूमशहा नांदत होता. फर्डिनंड मार्कोस १९६५ पासून राष्ट्राध्यक्ष. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यानं लष्करी कायदा पुकारला आणि विरोधकांना तुरुंगात टाकलं. त्यांतला सगळ्यांत मोठा नेता निनॉय अकिनो पुढे अमेरिकेत गेला. २१ ऑगस्ट १९८३ला तो परतला, विमानाच्या पायऱ्या उतरला आणि धावपट्टीवरच गोळी लागून पडला. मार्कोसनं घाईनं जाहीर केलेल्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभी राहिली ती निनॉयची विधवा, कोराझोन. तिला सगळे कोरी म्हणत.

आता सात हजारांवर बेटांच्या देशात, सरकारी यंत्रणा आणि बहुतेक वृत्तपत्रं मार्कोसच्या मुठीत असताना, खरा निकाल कळायचा कसा? इथे नामफ्रेल नावाची नागरिकांची चळवळ येते. १९८३ साली ती उभी राहिली. म्होरक्या होसे कॉन्सेप्शन, पिठाच्या गिरण्यांचा मालक. कल्पना इतकी साधी, की कोणाला सुचली नसती तरच नवल. निकाल फळ्यावर लागतो ना? मग प्रत्येक फळ्यासमोर आपलं माणूस बसवायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि सरकारच्या आधी सगळ्या देशाची बेरीज मांडायची. पण त्यासाठी माणसं हवीत लाखांनी, आणि तीही गावोगाव. पाचांतले चार लोक कॅथलिक असलेल्या या देशात, ज्या वाडीत फोन नव्हता तिथेही प्रार्थनामंदिर होतं, फादर होते, मिस्सेनंतर थांबून कामं वाटून घेणारे धर्मग्रामस्थ होते. स्वयंसेवकांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. जिथे दंडेलीची भीती जास्त, तिथे सिस्टर आणि फादर लोकांना पुढे केलं जाई. गमतीनं त्यांना ‘नामफ्रेल मरीन’ म्हणत. देशाची बेरीज व्हायची ती मनिलातल्या एका कॅथलिक शाळेच्या व्यायामशाळेत.

मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी मतदारांना जे सांगितलं, ते ऐकून आपल्याकडच्या मतदारालाही ओळखीचं हसू येईल. पैसे वाटले जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सिन यांचं म्हणणं असं, की घेतलेल्या पाकिटानं तुमचा विवेक बांधला जात नाही. मत मनाला पटेल त्यालाच द्या. धर्मपीठाच्या पंडितांनी यावर काथ्याकूट केला असता तर महिना गेला असता. गरिबाला मात्र ते एका वाक्यात कळलं.

इथे कोणी विचारेल, देवाधर्माच्या माणसांनी मतं मोजायची ही कुठली भक्ती? कॅथलिक गणनेप्रमाणे दहांतली आठवी आज्ञा आहे ती खोटी साक्ष देऊ नये ही. शेजाऱ्यानं टाकलेलं मत दुसऱ्याच्या नावावर जाताना पाहून गप्प बसणं ही खोटी साक्षच झाली, एवढा सरळ हिशेब. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये सांगून ठेवलं होतं की जगाची सुखदुःखं ही चर्चचीही आहेत. तेव्हापासून आशियातल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या कित्येक फादर-सिस्टरांनी मठाची चौकट ओलांडली होती. तरी लगाम होताच. चर्चचा कायदा धर्मगुरूला सत्तेचं पद घेऊ देत नाही; राजकारण हे मुख्यतः प्रापंचिकांचं क्षेत्र. मग धर्मगुरूनं करायचं काय? हजर राहायचं, पाहायचं आणि पाहिलं ते सांगायचं.

सिन यांच्याही आधी हे काम कोणी सुरू केलं होतं, हे सांगायला हवं. कारण पुतळे कार्डिनलांचे होतात. सिन बरीच वर्षं सरकारशी ‘टीकेसह सहकार्य’ करत होते, म्हणजे थोडं सबुरीनं घेत होते. फ्रान्सिस्कन सिस्टर मारियानी दिमारानान यांना मात्र १९७३ साली लष्करानं उचलून सत्तेचाळीस दिवस कोठडीत ठेवलं. धर्मसंघांच्या प्रमुखांनी १९७४ मध्ये राजकैद्यांसाठी एक गट स्थापला, त्याची धुरा पुढे या बाईंनी वाहिली. कोणाला कधी पकडलं, कुठे ठेवलं, कोणाचा छळ झाला, कोण नाहीसं झालं, याच्या नोंदी त्या ठेवत गेल्या. मतमोजणीच्या कितीतरी आधी ही माणसांची मोजणी.

तर निकाल. एक सोडून दोन लागले. नामफ्रेलच्या बेरजेत, सुमारे सत्तर टक्के केंद्रांचे आकडे हाती आले तेव्हा, कोरी पावणेआठ लाखांहून अधिक मतांनी पुढे. सरकारी बेरजेत मार्कोस पंधरा लाखांनी विजयी. ९ फेब्रुवारीच्या रात्री निवडणूक आयोगाच्या संगणकांवर बसलेले तीसेक कर्मचारी, बहुतेक तरुण मुली, जागेवरून उठले आणि बाहेर पडले. आपण भरतोय ते आणि फलकावर झळकतंय ते आकडे जुळत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. बाहेर पडून जायचं कुठे? त्या गेल्या बाक्लारानच्या चर्चमध्ये. दोन दिवसांनी आंतिके प्रांतात, मतमोजणीवर नजर ठेवून असलेला माजी गव्हर्नर एवेलियो हाविएर भर चौकात गोळ्या घालून मारला गेला.

१३ फेब्रुवारीला बिशपांच्या परिषदेनं पत्रक काढलं. लबाडीनं मिळवलेल्या सत्तेला नैतिक पाया नाही. तिचा प्रतिकार करा, पण अहिंसेनं, हा त्याचा आशय. बिशप लोक सहसा इतकं रोखठोक बोलत नाहीत. त्यांची भाषा ‘एकीकडे’ आणि ‘दुसरीकडे’ अशी तोलून-मापून चालते. या खेपेला त्यांना धीर आला याचं कारण मला अगदी व्यवहारी वाटतं: त्यांच्याकडे आकडे होते, आणि ते त्यांच्याच धर्मग्रामांतल्या माणसांनी डोळ्यांनी पाहून आणलेले होते.

मग २२ फेब्रुवारीचा शनिवार उजाडला. संरक्षणमंत्री एन्रिले आणि उपसेनाप्रमुख फिदेल रामोस यांनी मार्कोसची साथ सोडली आणि मनिलाच्या एडसा नावाच्या महामार्गावरच्या लष्करी तळांत स्वतःला कोंडून घेतलं. सोबत सैनिक मूठभर. मदतीसाठी फोन गेला तो कार्डिनलना. सिन यांनी रेडिओवर बोलण्याआधी काय केलं, ते त्यांनीच पुढे सांगितलंय. त्यांनी बंदिस्त मठांना फोन लावले. या मठांतल्या सिस्टर बाहेरच्या जगात येत नाहीत. त्यांचं आयुष्य प्रार्थनेत जातं. सिन यांनी त्यांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता चॅपलमध्ये जा, हात पसरून प्रार्थनेला बसा, आणि मी कळवेपर्यंत अन्न घेऊ नका. त्यानंतर ते कॅथलिकांच्या रेडिओ व्हेरितासवर बोलले: तळाकडे जा, आपल्या माणसांच्या पाठीशी उभे राहा, जमल्यास खायला घेऊन जा.

लोक निघाले. घरातली म्हातारी, कडेवरची पोरं, भाताची पातेली, पवित्र मरियेच्या मूर्ती, सगळं रस्त्यावर. अंदाज दहा लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. पहाटेच हत्यारबंद टोळीनं व्हेरितासचं प्रक्षेपणकेंद्र फोडलं, तेव्हा जून कीथली ही निवेदिका गुपचूप दुसऱ्या केंद्रावर गेली आणि रात्र-रात्र बोलत राहिली. मदतीला शाळकरी वयाची दोन मुलं. सैनिक चालून आले तर काय, यावर जेझुइट फादर जेम्स रॉयटर यांनी काढलेला तोडगा असा: इमारतीच्या जिन्यात सिस्टर बसवल्या, प्रार्थना म्हणत. वर जायचं तर त्यांना ओलांडून.

रविवारी दुपारी ते प्रसिद्ध दृश्य घडलं. रणगाडे म्हणतो आपण; खरं तर ती पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी मरीन दलाची चिलखती वाहनं होती. ओर्तिगास चौकात गर्दीनं त्यांची वाट अडवली. इंजिनं गुरगुरली, माणसं हलली नाहीत. पुढे गुडघ्यांवर बसलेल्या सिस्टर, हातात जपमाळा; कोणी सैनिकांना सँडविच देतंय, कोणी सिगारेट, कोणी फुलं. वाहनं थांबली, मग मागे वळली. आतला जवान दर रविवारी अशाच एखाद्या सिस्टरकडे धर्मशिक्षण शिकून मोठा झालेला. तिच्या अंगावरून तो साखळीचा पट्टा नेणार कसा?

हेही आभाळातून पडलेलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या हिल्डेगार्ड गॉस-मायर आणि त्यांचे फ्रेंच पती जाँ गॉस यांनी १९८४ मध्ये येऊन बिशप, फादर, कार्यकर्ते यांची अहिंसेची शिबिरं घेतली होती. त्यातून फादर होसे ब्लँको यांनी संघटना काढून ती शिकवण प्रांतोप्रांती नेली. सत्याग्रह हा उत्स्फूर्त दिसतो, पण त्याची तालीम करावी लागते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि चमत्कार-चमत्कार म्हणून टाळ्या पिटण्याआधी दुसरी बाजूही पाहावी. एन्रिले काही संत नव्हते. त्यांचे अधिकारी बंडाचा कट शिजवत होते, तो फुटला म्हणून ते तळात जाऊन बसले. संगणकावरून उठलेल्या कर्मचाऱ्यांची पुढारी लिंडा कापुनान हिचा नवरा त्याच कटवाल्यांपैकी. रामोस कॅथलिकच नव्हते, प्रॉटेस्टंट होते. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर सेनाप्रमुख वेर हल्ल्याची परवानगी मागत असताना मार्कोस नाही म्हणाला, हेही खरं. २५ तारखेला दोघांनी शपथ घेतली, कोरीनं आपल्या ठिकाणी, मार्कोसनं राजवाड्यात. त्याच रात्री अमेरिकन हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं.

पुढचं सगळंच काही गोड नाही. १९८७ची राज्यघटना लिहिणाऱ्यांत एक जेझुइट, एक बिशप आणि एक सिस्टर होते, इथपर्यंत ठीक. पण विजयाची चटक लागते. २००१ मध्ये त्याच महामार्गावर पुन्हा गर्दी जमली आणि गरिबांनी भरभरून निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा, सिन यांच्या आशीर्वादानं, खाली खेचला गेला. काही महिन्यांत गरिबांची गर्दी तिथेच उलट बाजूनं जमली. कुटुंबनियोजनाच्या २०१२च्या कायद्याविरुद्ध बिशपांनी आकाशपाताळ एक केलं आणि हरले. साक्षीदार न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला गेला की लोक ऐकेनासे होतात, असं माझं मत.

मोजणाऱ्यांनी मात्र काम सोडलं नाही. माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेच्या अमली पदार्थांविरुद्धच्या ‘युद्धात’ मारल्या गेलेल्यांची थडगी भाडेकरार संपला की उकरली जातात. फादर फ्लावियानो व्हिलानुएवा ते अवशेष कुटुंबांच्या वतीनं सोडवून घेतात, न्यायवैद्यक डॉक्टर राकेल फोर्तुन हाडं तपासतात. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियासारखं नैसर्गिक कारण, आणि हाडांवर गोळीच्या खुणा, असंही निघालं आहे. २०२५ साली फादर फ्लावियानोंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९९१ मध्ये धर्मग्रामांच्या पातळीवर मतदारजागृतीची एक संघटना निघाली. आता मतदान यंत्रांतून आलेले आकडे आणि केंद्रांवरची छापील निकालपत्रकं ताडून पाहण्याचं काम ती करते. मे २०२२ मध्ये उमेदवार होता मार्कोसचा मुलगा. कित्येक फादर आणि काही बिशप उघडपणे त्याच्या विरोधी उमेदवार लेनी रोब्रेदो यांच्या बाजूनं उभे होते. मार्कोस पुत्र तीन कोटींहून जास्त मतांनिशी, प्रतिस्पर्ध्याच्या दुपटीनं निवडून आला. सांतो तोमास या मनिलातल्या जुन्या कॅथलिक विद्यापीठाच्या आवारात संघटनेचे स्वयंसेवक कागदांच्या गठ्ठ्यांसमोर बसले, आकड्याला आकडा लावत गेले, आणि त्यांनी जाहीर केलं: जुळतंय, घोळ सापडला नाही.