ग्रिअर्सन जिथे पोचला नाही

जॉर्ज ग्रिअर्सन मूळचा डब्लिनजवळचा आयरिश माणूस. 1873 मध्ये सनदी नोकरीसाठी बंगालला आला आणि पुढे 1894 ते 1928 अशी चौतीस वर्षं त्याने भारतीय भाषांच्या पाहणीत घातली. पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला. हैदराबाद संस्थान मात्र या पाहणीबाहेर राहिलं. नांदेड निजामाच्या राज्यात, आणि आजच्या लातूर जिल्ह्याचे तालुके तेव्हाच्या उस्मानाबाद व बीदर जिल्ह्यांत. त्यामुळे या मुलखाच्या वाट्याला ती पाहणी आलीच नाही.

ग्रिअर्सनच्या मायदेशाने स्वतःच्या भाषेसाठी काय केलं, ते इथल्या भाषाविभागांनी पाहण्यासारखं आहे. 1937 च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला. पण 2022 च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे 18 लाख 73 हजार, तर शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. गॉलवे, कॉर्क, मेनूथच्या विद्यापीठांत आधुनिक आयरिश घेऊन एम.ए. करता येतं. या अभ्यासात साहित्याच्या जोडीला अल्स्टर, कोनाक्ट आणि मन्स्टर या तीन प्रांतांच्या बोली येतात, लोकपरंपरा येते. पुढे पोटापाण्याची सोयही आहे. 1996 साली आयरिश दूरचित्रवाहिनी सुरू झाली, 2003 साली सरकारी कामकाजासाठी भाषा कायदा आला, 2007 पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा म्हणून भाषांतरकार लागू लागले.

लोकपरंपरेच्या अभ्यासाचा काही कच्चा माल पोरांनी गोळा केलेला आहे. 1937 ते 1939 या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना कामाला लावलं. मुलांनी घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, औषधं, खेळ, सणवार वहीत उतरवले. ते 7 लाख 40 हजार पानांचं घबाड आज कुणालाही संगणकावर वाचता येतं.

आपली अडचण उलटी. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जाही मिळाला. पण एम.ए. मराठीचा विद्यार्थी संतसाहित्य, समीक्षा, भाषाविज्ञानाचे पेपर देतो आणि बहुतेक वेळा गावाकडची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवून येतो. लातूरच्या खोलीवर राहणारा मुलगा घरी फोनवर ‘काय करलालास?’ विचारतो आणि मुलाखतीला बसला की जपून ‘काय करतो आहेस’वर येतो.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला सुरू झालं. लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. या विद्यापीठाच्या अंगणात काय नाही? देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कन्नड, जुन्या मोहल्ल्यांत दखनी, किनवटच्या डोंगरात गोंडी-कोलामी, मुखेड-कंधारच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. दिवाळीच्या अवसेला, गोर लोकांच्या काळी मावसला, तांड्यावरच्या लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन दारोदार ‘मेरा’ मागायला जातात, गाणी म्हणत थोरामोठ्यांचं भलं चिंततात. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही. ही गाणी आजीकडून नातीकडे येतात. नात पुण्याला नाहीतर ऊसतोडीला गेली, की साखळी तुटते.

बोली नोंदवून ठेवण्याचं काम मराठीत मुळीच झालेलं नाही, असं नाही. गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्राचा स्वतंत्र खंड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प हाती घेतला, त्यातली ध्वनिमुद्रणं ऐकता येतात. पण पुण्याहून येणारा अभ्यासक चार दिवस थांबतो. किनवटची पोरगी विद्यापीठात शिकते तेव्हा तिची सोयरिक, बाजार, जत्रा सगळं त्याच मुलखात असतं. म्हाताऱ्या तिच्याशी मोकळं बोलतात.

म्हणून एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक गाव किंवा तांडा घ्यावा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय आणि संमती नोंदवून मोबाइलवर आवाज घ्यावा, तो जसाच्या तसा उतरवावा, शेजारी मराठी अर्थ द्यावा आणि त्याला परीक्षेत गुण मिळावेत. विद्यापीठाने हे सगळं एका जागी जपून लोकांना खुलं करावं. आयर्लंडने हे काम वही-पेन्सिलीवर केलं, तेही बोलणारे हातातून निसटल्यावर घाईघाईने. आपल्याकडे बोलणारे अजून घरात आहेत आणि रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात. उरतो तो अभ्यासक्रमातला बदल, आणि तो नांदेडलाच करता येतो.