वागळे म्हातारा झाला!

एखादा जुना स्नेही तीस-बत्तीस वर्षांनी दारात येऊन उभा राहिला, तर 'या, बसा' म्हणण्याआधी आपले लक्ष त्याच्या डोक्याकडे जाते. केस किती पिकले, दात आहेत की गेले, चाल मंदावली की काय, हे सारे एका नजरेत मोजून होते आणि मगच तोंडातून शब्द फुटतो. ८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री आमच्या असोद्याच्या घरात नेमके असेच झाले. फरक एवढाच की स्नेही दारात नव्हता, टीव्हीच्या पडद्यावर होता. "अरे, वागळे तं म्हातारा झाला रे!" असा मी जो ओरडलो, तो ऐकून आमच्या सौभाग्यवती हातातले लाटणे घेऊन बाहेर धावत आल्या. त्यांना वाटले, गावातला कोणी गेला.

हा वागळे कोण, हे तरुण वाचकांना सांगायला हवे. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' नावाची हिंदी मालिका सुरू झाली. श्रीनिवास वागळे हा मुंबईतला साधा कारकून, राधिका त्याची बायको, आणि पगाराच्या तारखेकडे डोळे लावून चाललेला त्यांचा संसार. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला, धोतर नेसलेला 'सामान्य माणूस' पुष्कळांनी पाहिला असेल. तो बिचारा कधी बोलत नाही, नुसता पाहतो. लक्ष्मण यांच्याच कल्पनेतून निघालेला हा वागळे मात्र बोलणारा, चिडणारा आणि चिडून झाल्यावर मुकाट्याने पिशवी घेऊन बाजारात जाणारा. दुर्गा खोटे यांच्या संस्थेने मालिका काढली आणि दिग्दर्शन केले 'जाने भी दो यारों'वाल्या कुंदन शाह यांनी. वागळे झाले अंजन श्रीवास्तव. मूळचे कलकत्त्याचे हे गृहस्थ, पण पडद्यावर ते मराठी नाहीत असे कोणी म्हणाले नसते. राधिका झाल्या भारती आचरेकर, म्हणजे आपल्या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या.

आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही होता, तो मास्तरांकडे. लाकडी कपाटाचा, सरकत्या दाराचा, काळा-पांढरा. रविवारी सकाळी 'महाभारत' सुरू झाले की ओटा, अंगण आणि समोरचा रस्ता माणसांनी भरून जाई. चपला मोजायला वेगळा माणूस लागला असता! वागळ्याला एवढी गर्दी नसे. आम्ही आठ-दहा जण. त्यांत आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, हे ठरलेले गिऱ्हाईक. दिवसभर पाटाचे पाणी धरून पाय भिजलेले असत. ते पाय तसेच घेऊन ते मास्तरांच्या दाराशी गोणपाटावर बसत. आत या म्हटले तरी जात नसत. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत आणि मला माळवदावर चढून अँटेना जळगावकडे वळवावी लागे. खालून आवाज येई, "आला, आला... गेला!" वागळ्याच्या तोंडचे निम्मे बोलणे मी असे माळवदावरूनच ऐकलेले आहे.

आण्णांचे हिंदी बऱ्हाणपूरच्या बाजारात शिकलेले. केळीचा भाव करण्यापुरते. पण वागळ्याचे त्यांना सगळे कळे. मी एकदा विचारले, "आण्णा, हा मुंबईचा पगारी माणूस. याच्या तोंडाकडे पाहून तुम्हांला एवढे हसू कशाचे येते?" आण्णा म्हणाले, "त्याची एक तारीख, आपली एक सुगी. मधल्या दिवसांत दोघंबी उसनवारीतच." कापसाचे चुकारे हाती येईपर्यंत दुकानदाराला तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने जाणारा माणूस हे बोलत होता. वागळे पडद्यावर कोणाला तोंड चुकवू लागला की आण्णा सर्वांच्या आधी हसत. बहिणाबाईंचे हे माहेर. आपल्या हालांना हसून बोलायची रीत असोद्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही.

१९९० च्या सुमारास मालिका संपली. पुढे आमच्याच घरी टीव्ही आला, मग रंगीत आला, मग छत्री आली. आण्णा २००९ साली गेले. मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले. चार लोकांच्या घरी होते तेच आमच्याही घरी झाले.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा मुलगा, सून आणि नात असे तिघे गावी आले ते राहूनच गेले. त्याच मार्चच्या २८ तारखेपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले आणि सगळ्या देशाबरोबर आम्हीही पुन्हा त्यापुढे बसलो. पण त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जुना कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा पाहिला की त्यातली माणसे होती तशीच राहतात, म्हातारे होतो ते आपणच. राम तोच, सीता तीच, आणि आपण मात्र चष्मा शोधतो आहोत. मजा येते, पण ती फोटोंचा आल्बम पाहिल्यासारखी.

म्हणून पुढच्या वर्षी 'सब' वाहिनीवर 'वागले की दुनिया' नव्याने येणार अशी जाहिरात दिसली तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. कोणी तरी नवा नट वागळे म्हणून आणून बसवतील. आपल्या गावच्या सोंगात पोराला कापसाची दाढी लावून म्हातारा करतात, तसा काही प्रकार असेल. तसे असते तर मी पहिल्या पाच मिनिटांत टीव्ही बंद केला असता. घरात तसे सांगूनही ठेवले होते.

पण समोर आले ते अंजन श्रीवास्तवच. शेजारी भारती आचरेकरच. तेहतीस वर्षांनी, त्याच नावांनी, त्याच नात्याने. केस रंगाने पांढरे केलेले नव्हते, ते पिकलेले होते. सिनेमात नटाला म्हातारा करायला रंगवाला दोन-दोन तास घेतो म्हणतात. इथे काळाने तेहतीस वर्षे घेतली होती आणि काम चोख केले होते. ती राधिका वागळ्याकडे एक कटाक्ष टाकी, तोही तोच! माझ्या तोंडून जे ओरडणे निघाले ते त्यापायी. लक्ष्मण २०१५ साली गेले, कुंदन शाह २०१७ साली गेले. दोघांनाही हे पाहायला मिळाले नाही. आमच्या आण्णांनाही नाही. पहिल्या रात्री मला त्या तिघांची एकदमच आठवण झाली. एवढ्या मोठ्या माणसांच्या पंगतीत आण्णांना बसवले म्हणून कोणी हसू नये. ते तिथेही दाराशीच बसले असते.

आता खरे सांगायचे तर पहिला भाग संपता संपता मी नाराज झालो होतो. मालिकेचे नाव वागळ्याचे, पण कारभार सगळा त्याच्या मुलाचा. राजेश वागळे हा मुलगा, सुमीत राघवन यांनी केलेला. उत्तम नट, नाटकातून तयार झालेला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण घर त्याचे, सोसायटी त्याची, बायको-मुले त्याची आणि अडचणीही त्याच्याच. माझा वागळे बाजूच्या खुर्चीत! मी म्हणालो, "हे काय? याला पाहुणा करून टाकला की."

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी आता मधल्या खुर्चीत कुठं बसता?"

बोलणे थट्टेचे होते, पण खोटे नव्हते. दहा महिने झाले, मधल्या खोलीतले माझे टेबल मुलाच्या संगणकाने घेतले होते. तो कानाला यंत्र लावून दिवसभर पुण्याशी बोले आणि आम्ही पाय न वाजवता ये-जा करीत असू. विजेचे बिल तो भरी, केळीच्या ठिबकच्या नळ्याही त्यानेच मागवल्या होत्या. १९८८ साली मी पाळण्यातल्या या पोराला बायकोजवळ ठेवून माळवदावर चढत होतो आणि वागळ्याकडे एखाद्या थोरल्या भावाकडे पाहावे तसा पाहत होतो. आता वागळ्याची खुर्ची जिथे होती, तिथेच माझी होती. मालिकेने तिला हलवले, एवढाच माझा राग!

याला आणखी एक कारण होते, ते सांगायलाच हवे. पंधरा दिवसांपूर्वी मुलाने विषय काढला होता. त्यांना आता पुण्याला परतायचे होते. "बाबा, शेत निम्म्याने लावून द्या आणि तुम्ही दोघेही चला," असे तो म्हणाला होता. मी काही बोललो नव्हतो. घरात तो विषय आडातल्या बादलीसारखा लोंबकळत होता. वर येत नव्हता आणि खाली सुटतही नव्हता. आणि इकडे पडद्यावर म्हातारे वागळे नवरा-बायको मुलाच्या संसाराजवळ सुखाने वावरत होते! भाग संपला तेव्हा आम्ही चौघेही मोठी माणसे गप्प बसलो. प्रत्येकाच्या मनात तेच होते.

कोंडी फोडली ती नातीने. सात वर्षांची पोर. "आजोबा, हे आजोबा आधी कसे होते?" मुलाने मोबाईल काढला आणि शोधून जुना एक भाग लावला. तोच, ज्यात वागळ्याला मोटारीचा धक्का लागतो. मोटार चालवणारा तरुण पाहून सून किंचाळलीच. तो शाहरुख खान! आम्ही तेव्हा तो भाग पाहिला होता, पण त्या वेळी तो कोण हे ठाऊक कोणाला? आमच्या लेखी तो वागळ्याला धडकणारा एक मोटारवाला.

नात एकदा मोबाईलकडे पाही, एकदा टीव्हीकडे. मग तिने विचारले, "आजोबा, तुम्ही तेव्हा कसे होता?" ट्रंकेतून फोटो निघाला. लग्नातला, मिशीवाला. "आणि पणजोबा?" आण्णांचा फोटो एकच, शेतकी प्रदर्शनात वांग्याच्या टोपलीमागे उभे असलेला. ती फोटोशी आणि माझ्याशी बोट फिरवीत म्हणाली, "हे तर तुम्हीच!" मी हिशेब केला. फोटोतल्या आण्णांपेक्षा मी त्या दिवशी दोन वर्षांनी मोठा होतो.

त्या रात्री भरीत होते. असोद्याचे वांगे आणि कळण्याची भाकरी, पुण्याला जाण्यापूर्वी सुनेने मुद्दाम मागितलेले. जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, वागळे बघा कसे मुलाजवळ राहतात."

मी उत्तर शोधत होतो. सौभाग्यवतींना शोधावे लागले नाही. "वागळ्याले शेत नव्हतं, बापा," त्या म्हणाल्या. "त्याची नोकरी सरली. यांची कुठं सरली?"

मुलगा हसला, सूनही हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा. खरे तर वागळ्यासारखे जावे असे माझ्या मनाने पहिल्या रात्री अर्धे घेतले होते आणि ते तिने ओळखले होते. शेत निम्म्याने लावले नाही. पंधरा दिवसांनी तिघे पुण्याला गेले. पुढे दोनच महिन्यांत साथीची दुसरी लाट आली आणि ते तिकडे, आम्ही इकडे अडकलो. तेव्हा रात्री जेवणानंतर नातीचा फोन येई, "पाहिलं का?" काय पाहिले ते सांगावे लागत नसे. आजारपणाच्या बातम्यांनी घसा दाटलेला असताना आज राधिका वागळ्याला काय बोलली, यावर आम्ही दहा मिनिटे बोलत असू. ज्या दिवशी फोन उशिरा आला, त्या दिवशी सौभाग्यवती देवापुढे जाऊन बसल्या होत्या.

मालिकेबद्दल माझे मत विचाराल तर पहिल्याची सर दुसरीला नाही. तेव्हा आठवड्याला एक भाग, त्यामुळे पाल्हाळाला जागाच नव्हती. दुसरी रोज दाखवायची म्हणजे पाणी घालून वरण पुरवावे लागे. २०२४ साली मालिकेने हजार भागांचा टप्पा ओलांडला! हजार भाग कोण चाखूनमाखून करील? अधूनमधून उपदेशाचा डोसही मोठा होई. मी रोज बसणे केव्हाच सोडले. पण थोरले वागळे पडद्यावर आहेत असे बाहेरून आवाजाने कळले की गोठ्यातून हात धुऊन आत यायचा, एवढी सवय मात्र राहिली होती.

गेल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली होती. आता ती उंच झाली आहे. दुपारी तिने आपण होऊन तोच जुना भाग मोबाईलवर लावला आणि आम्ही दोघे पाहत बसलो. एका ठिकाणी मी हसलो.

"पणजोबा पण इथेच हसायचे?" तिने विचारले.

"नाही," मी म्हटले. "ते जरा आधी हसायचे."