गायनवृंद परदेशी जातो तेव्हा

निवासी शाळेत मुलांचा आवाज एकत्र घडतो. पहाटेची सामूहिक वंदना, परिपाठातील प्रार्थना, जयंतीच्या मिरवणुकीतील गीते, संध्याकाळचे पाठांतर या सर्वांतून मुले नकळत एक गोष्ट शिकतात : शेजाऱ्याचा श्वास ऐकून आपला स्वर लावणे. हीच समूहगायनाची पहिली पायरी होय. म्हणूनच अशा मुलांचा गायनवृंद परदेशातील एखाद्या स्पर्धेला न्यावा, असा विचार निवासी शाळेच्या हितचिंतकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो विचार उत्साहाचा आहे, तसाच जबाबदारीचाही. अशा प्रवासाचा इतिहास काय, स्पर्धेत नेमके काय पाहिले जाते आणि मुलांच्या वतीने मोठ्यांनी कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. गुलामगिरीच्या बंधनातून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १८६६ मध्ये फिस्क ही शाळा सुरू झाली. युद्धकाळातील लष्करी इस्पितळाच्या बराकींमध्ये तिचे वर्ग भरत. पाच वर्षांतच संस्था कर्जात बुडाली. तेव्हा संस्थेचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी ऑक्टोबर १८७१ मध्ये नऊ विद्यार्थ्यांचा वृंद घेऊन निधीसाठी प्रवास आरंभला. त्यांतील बहुतेक जण जन्माने गुलाम होते. वाटेत हॉटेले त्यांना जागा नाकारीत. त्याच सुमारास शिकागो शहर मोठ्या आगीत होरपळले होते. तेव्हा स्वतः कर्जात असतानाही या मुलांनी एका कार्यक्रमाची तुटपुंजी मिळकत आगग्रस्तांना देऊन टाकली.

आरंभी हा वृंद गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची गाणी गात असे. त्यांना फारसा प्रतिसाद मिळत नसे. आपल्या आईवडिलांनी मळ्यांमध्ये राबताना गायलेली गाणी लोकांपुढे म्हणावयास मुले संकोचत. ती गाणी घरातील माणसांसाठी पवित्र होती आणि त्यांना गुलामगिरीच्या वेदनेचा वास होता. परंतु हीच गाणी रंगमंचावर आली आणि सभागृहे स्तब्ध झाली. बायबलमधील गुलाममुक्तीच्या वर्षावरून वृंदाने ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतले. १८७३ मध्ये हा वृंद इंग्लंडला गेला आणि राणी व्हिक्टोरियासमोर गायला. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, तेही गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केलेले. पुण्यातील एक ग्रंथ आणि लंडनमधील एक गायनवृंद एकमेकांना न पाहता एकाच दुःखाविषयी एकाच वर्षी बोलत होते, हे आपण लक्षात ठेवावे असे आहे. वृंदाने मिळविलेल्या पैशांतून ‘ज्युबिली हॉल’ ही भक्कम इमारत उभी राहिली. १८७६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि ती आजही उभी आहे.

मात्र या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सततच्या प्रवासाने गायकांचे आवाज आणि प्रकृती खचल्या. सात वर्षांनंतर, १८७८ मध्ये, थकून गेलेला हा वृंद विसर्जित करावा लागला. इमारत उभी राहिली, पण तिची किंमत कोवळ्या देहांनी मोजली. मुलांच्या गायनाकडे निधी उभारण्याचे साधन म्हणून पाहिले, की काय होते याचा हा इशारा आहे.

पुढे समूहगायनाचे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राराष्ट्रांत पुन्हा सलोखा नांदावा या हेतूने वेल्समधील लँगोलेन या लहान गावी १९४७ मध्ये असा महोत्सव भरू लागला. वेल्स हा खाणकामगारांच्या गायनवृंदांचा प्रदेश. दिवसभर कोळसा खणणारी माणसे संध्याकाळी एकत्र येऊन गात. १९५५ मध्ये इटलीतील मोदेना शहराच्या वृंदाने येथे पहिले पारितोषिक पटकाविले. त्या वृंदात लुचियानो पावारोत्ती हा तरुण आपल्या वडिलांसह गात होता. पुढे तो जगप्रसिद्ध गायक झाला. २००० मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या जागतिक गायनवृंद स्पर्धांना आरंभ झाला. २०१० मध्ये चीनमधील शाओशिंग येथे झालेल्या या स्पर्धेत मेघालयाच्या शिलाँग चेंबर क्वायरने तीन सुवर्ण पारितोषिके मिळविली. लंडनमध्ये पियानोचे शिक्षण घेतलेले नील नाँगकिन्रिह मायदेशी परतले आणि २००१ मध्ये त्यांनी हा वृंद उभारला. डोंगराळ प्रदेशातील मुलांनी मिळविलेले हे यश होते.

महाराष्ट्रातही ही परंपरा नवी नाही. व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या वृंदाचे नेतृत्व १९६७ नंतर कूमी वाडिया यांनी दीर्घकाळ केले. परांज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही भारतीय रागाच्या आधारे बांधलेली शब्दविरहित रचना परदेशी वृंदही गातात. आपल्या जिल्ह्याच्या मातीत समूहस्वराची वेगळी धारा आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा आधी रशियात पोहोचला आणि स्वतः अण्णाभाऊ १९६१ मध्ये तेथे गेले. सत्यशोधक जलसा, भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी घडविलेला आंबेडकरी जलसा, वामनदादांची गीते ही सर्व आपली समूहगायनाची संपदा आहे.

आता स्पर्धेचे स्वरूप पाहू. पाश्चात्त्य वृंदगायन आणि आपले समूहगान यांत एक मूलभूत फरक आहे. आपल्या पोवाड्यात शाहीर गातो आणि झीलकरी साथ देतात, तर समूहगीतात सर्व जण एकच चाल गातात. पाश्चात्त्य वृंदात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार आवाज एकाच वेळी चार निरनिराळ्या स्वरावली गातात आणि त्यांच्या मेळातून संगीत उभे राहते. बालवृंदात बहुधा दोन किंवा तीन आवाज असतात. आपल्या मुलांचा कान एका ‘सा’वर तयार झालेला असतो. त्यामुळे शेजारचा दुसरा स्वर गात असताना आपला स्वर न सोडणे, हीच त्यांची पहिली कसोटी ठरते. आधी केवळ गुणगुणणे, मग दोघांच्या जोड्या, मग गट अशा क्रमाने ही सवय लावावी लागते. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो. त्या काळात त्यांच्याकडून उंच स्वर ओढून घेऊ नयेत.

परीक्षक मुख्यतः चार गोष्टी पाहतात : स्वरांचा अचूकपणा, आवाजाचा दर्जा, लिखित स्वरलिपीशी प्रामाणिकपणा आणि एकूण कलात्मक परिणाम. यांतील तिसरी गोष्ट आपल्याला अडचणीची, कारण आपली गीते बहुतांशी तोंडी परंपरेने आली आहेत. त्यांची भातखंडे पद्धतीची स्वरलिपी केली, तरी परदेशी परीक्षकांसाठी ती पाश्चात्त्य पद्धतीने लिहून द्यावी लागते. अनेक महोत्सवांत लोकसंगीताचा स्वतंत्र गट असतो. त्यात पारंपरिक वाद्ये, वेश आणि हालचाल यांना वाव मिळतो. ढोलकी, डफ आणि तुणतुण्यासह गाणारा सोलापूरचा वृंद तेथे अधिक मोकळेपणाने उभा राहील.

सोलापूरच्या मुलांकडे आणखी एक बळ आहे. येथील मूल मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानांवर घेतच वाढते. अपरिचित भाषेचे उच्चार पकडणे त्याला इतरांइतके जड जात नाही, आणि परभाषेतील गीत शुद्ध म्हणणे हा वृंदगायनाचा मोठा भाग आहे.

पालकांनी पारितोषिकाचा अर्थही नीट समजून घ्यावा. अशा पुष्कळ स्पर्धांत ठरावीक गुण मिळविणाऱ्या प्रत्येक वृंदाला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य श्रेणी दिली जाते. त्यामुळे एकाच गटात अनेक वृंदांना सुवर्ण मिळू शकते. ते यश खरेच असते, परंतु त्याचा अर्थ ‘जगात पहिले’ असा होत नाही. तसेच सहभागी वृंद आपल्या खर्चाने येतो, हे अशा महोत्सवांचे सर्वसाधारण सूत्र आहे. म्हणून निमंत्रणपत्र आले की ते कोणाचे, परीक्षक कोण आणि शुल्कात काय समाविष्ट आहे, हे तपासूनच होकार द्यावा.

कागदपत्रांची तयारी किमान वर्षभर आधी सुरू करावी. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी सामान्यतः दोन्ही पालकांची संमती लागते. एकाच पालकाची संमती मिळणे शक्य असेल, तर त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र असते. वसतिगृहातील मुलांची खरी अडचण नावाची असते : जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांत आडनाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. ही दुरुस्ती प्रवासापुरतीच नव्हे, तर शिष्यवृत्ती आणि नोकरीसाठीही उपयोगाची असल्याने प्रवास झाला नाही तरी श्रम वाया जात नाहीत. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमाही आवश्यक असतो. परदेशस्थ माजी विद्यार्थी भारतीय नागरिक असेल, तर त्याने वैयक्तिक बचतीतून दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असल्यास मात्र संस्थेची परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी पाहावी लागते.

सर्वांत अवघड प्रश्न निवडीचा आहे. वसतिगृहात शेकडो मुले असतात आणि विमानात तीसच बसतात. मागे राहणाऱ्या मुलाला आपण कमी आहोत असे वाटले, तर त्या पदकाला अर्थ राहत नाही. यासाठी तालीम सर्वांसाठी खुली असावी, निवडीचे निकष आधी जाहीर व्हावेत आणि परत आलेल्या वृंदाने शिकलेले सर्व काही पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकवावे. निधी मोठ्यांनी उभा करावा. मुलांनी फक्त गावे. आणि वर्षाचा ताळेबंद मांडताना परदेशवारीसाठी ग्रंथालय किंवा भोजनाच्या खर्चाला कात्री लागणार असेल, तर ती वारी पुढे ढकलण्याचे धैर्य संस्थेने दाखवावे. जिल्ह्यातील आणि राज्यातील समूहगान स्पर्धांत तीन-चार वर्षे सातत्याने गाणारा वृंद परदेशी गेला, तर तो अधिक तयारीने जाईल.

फिस्कच्या मुलांना जे उशिरा कळले, ते आपल्याला आरंभीच ठाऊक असावे. दुसऱ्यांची गाणी शिकावीत, ती नेमकेपणाने म्हणावीत, कारण तोही शिक्षणाचाच भाग आहे. परंतु पेटीत पहिले गीत ठेवावे ते आपल्या आजी-आजोबांचे : गिरणीच्या भोंग्यावर उठलेल्यांचे, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्यांचे, जलशात रात्रभर झील धरणाऱ्यांचे. ते गीत गाताना मुलांची मान ताठ राहिली, तर प्रवासाचा हेतू परीक्षकांनी गुण देण्यापूर्वीच सफल झालेला असेल.