व्हेंटिलेटर आहे, म्हणजे पीआयसीयू आहे?

कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर पोहोचले आणि एक समजूत घट्ट बसली: यंत्र आलं की अतिदक्षता विभाग तयार. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे पीआयसीयूच्या, बाबतीत तिला पुढची कडीही जोडली जाते. बालरोगतज्ज्ञ आहेतच की, त्यांना यंत्र चालवायला शिकवा म्हणजे झालं. एमडीनंतर आणखी दोन-तीन वर्षं शिकायची ती कशासाठी? शंका वरवर रास्त वाटते. पण तिच्यात धरून चाललेली गोष्टच चुकीची आहे. यंत्राची बटणं हा त्या शिक्षणातला सर्वांत सोपा भाग. बाकीची वर्षं जातात ती समोरच्या मुलाला नेमकं काय द्यायचं, किती द्यायचं आणि कुठे हात आवरायचा, हे ठरवायला शिकण्यात.

आधी नावांचा घोळ निस्तरू. ‘फेलोशिप म्हणजे सर्टिफिकेट कोर्स’ असं सर्रास म्हटलं जातं, आणि डॉक्टरांच्या पाट्या पाहिल्या तर तसं वाटण्यात लोकांचा फारसा दोषही नाही. आपल्याकडे एकाच विषयाला अनेक वाटा आहेत. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग बालरोगशास्त्रात तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी आणि त्यापुढे बाल-अतिदक्षतेचं शिक्षण. हे चंदीगडच्या पीजीआयसारख्या संस्थेत डीएम म्हणून तीन वर्षांचं असतं, राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून डीआरएनबी म्हणूनही तीन वर्षांचं, आणि भारतीय बालरोग व अतिदक्षता संघटनांच्या संयुक्त परीक्षांतून त्याहून कमी मुदतीचंही. अमेरिकेत मात्र रेसिडेन्सीनंतरच्या पूर्ण तीन वर्षांनाच फेलोशिप म्हणतात आणि या उपशाखेची तिथली बोर्ड परीक्षा 1987 पासून होते. त्यामुळे पाटीवर फेलोशिप दिसली की किती वर्षांची आणि कुठली, हे विचारायला हरकत नाही. दुसरा गोंधळ एनआयसीयूचा. काचेच्या पेटीत ठेवलेली बाळं नवजात असतात, जन्मापासून 28 दिवसांपर्यंतची, आणि त्यांचे तज्ज्ञ वेगळे. पीआयसीयूत एक महिन्याच्या बाळापासून मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सगळे येतात: डेंग्यू, न्यूमोनिया, फिट्स, विषबाधा, अपघात, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे.

एवढ्या वयांतरात शरीराचं गणित दर थोड्या महिन्यांनी बदलतं. वर्षभराचं, दहा किलोचं मूल घ्या. त्याच्या अंगात रक्त जेमतेम साडेसातशे ते आठशे मिलिलिटर. दिवसातून चार वेळा तपासणीसाठी रक्त काढलं तर तोही हिशेब ठेवावा लागतो. तान्ह्या बाळाची श्वासनलिका साधारण चार मिलिमीटर रुंद असते. आतून चहूबाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली तर वाटेची रुंदी निम्मी होते आणि हवेला होणारा अडथळा सोळापट. रक्तदाबाचं तर उलटंच. शॉकमध्ये गेलेलं मूल नाडी वाढवून, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून दाब बराच वेळ टिकवून धरतं, म्हणून मॉनिटरवरचा आकडा चांगला दिसतो. तो घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणूनच तळवे गार आहेत का, बोट दाबून सोडल्यावर लाली परत यायला किती सेकंद लागतात, मूल आईकडे बघतंय का, हे आकड्याच्या आधी पाहायला शिकवतात. मुलांचं हृदय बहुतेक वेळा आपणहून बंद पडत नाही. आधी श्वास किंवा रक्ताभिसरण ढासळतं, मग ते थांबतं. या मधल्या वेळेतच डॉक्टरच्या हाताला काम असतं.

यंत्राला जोडल्यावरही तेच. बाळाच्या श्वासनलिकेची लांबी चार-पाच सेंटिमीटर. एक्स-रेत नळी जागेवर दिसली म्हणून निश्चिंत व्हावं, तर कुणी कूस बदलताना मान पुढे वाकवली की तिचं टोक खाली सरकतं, एका फुप्फुसात जाऊ शकतं. मान मागे गेली की वर येतं, निघूही शकतं. ऑक्सिजन अचानक घसरून अलार्म वाजला की फेलोच्या डोक्यात ठरलेला क्रम चालू होतो: नळी सरकली का, कफाने बुजली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, यंत्रच बिघडलं का. त्या वेळी व्हेंटिलेटर काढून हाताने फुगा दाबत श्वास देणं हा अनेकदा पहिला उपाय असतो. या शाखेचा उगमही तसाच आहे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यात नळी बसवून हाताने श्वास देण्याचा मार्ग काढला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने आठवडेच्या आठवडे फुगे दाबले. आधुनिक व्हेंटिलेटर त्यानंतरचे.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र वेगळाच, आणि तो नातेवाइकांइतकाच डॉक्टरांतही आढळतो: गंभीर मुलाला जितकं जास्त द्याल तितकं चांगलं. युगांडा, केनिया आणि टांझानियात 3141 मुलांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीने याला मोठा धक्का दिला. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणं असलेल्या मुलांपैकी ज्यांना झटपट सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलं, त्यांच्यात 48 तासांत शंभरात साधारण साडेदहा दगावली. ज्यांना दिलं नाही, त्यांच्यात सव्वासात. रक्ताचंही तसंच: 2007 च्या एका चाचणीत हिमोग्लोबिन 7 च्या खाली जाईपर्यंत रक्त न दिलेल्या स्थिर मुलांचं काही अधिक वाईट झालं नाही, आणि निम्म्याहून जास्त मुलांना रक्त द्यावंच लागलं नाही. 2016 मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातल्या 1440 मुलांच्या चाचणीत, पहिला आठवडाभर शिरेतून पूरक पोषण न दिलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला.

आता कुणी म्हणेल, मग हे नियम छापून भिंतीवर लावा, तज्ज्ञ कशाला? पण फीस्टमधून ‘सलाईन वाईट’ एवढंच घेतलं तर तीही चूकच. ती चाचणी व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णालयांत झाली होती, आणि जुलाबाने सुकलेली मुलं तिच्यात घेतलीच नव्हती. 2020 च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शनात म्हणूनच दोन उत्तरं आहेत: अतिदक्षता उपलब्ध असेल तर पहिल्या तासात सलाईन थोडं थोडं, प्रत्येक वेळी मूल तपासत द्या, नसेल आणि रक्तदाब टिकून असेल तर झटपट देऊ नका. मूल तेच, आजार तोच, उत्तर जागेप्रमाणे बदललं. शिवाय प्रत्येक खेपेनंतर यकृत बोटाला लागतंय का, छातीत करकर आवाज येतोय का, हे पाहून पुढची खेप द्यायची की थांबवायची ते ठरतं. हे भिंतीवरच्या कागदाला ठरवता येत नाही.

शिक्षणाने जीव वाचतात याचा पुरावा काय? क्वालालंपूरच्या विद्यापीठ रुग्णालयातला अभ्यास 2001 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आजाराच्या तीव्रतेवरून शंभर मृत्यू अपेक्षित असतील तिथे सामान्य बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत 157 होत होते; चोवीस तास अतिदक्षता-तज्ज्ञ आल्यावर ते 88 वर आले. आधी-नंतरच्या अशा तुलनेत इतर सुधारणांचाही वाटा असू शकतो, हे मान्य. पण 1997 मध्ये दोन प्रदेशांच्या तुलनेतूनही तेच दिसलं होतं. इंग्लंडच्या ट्रेंट भागात गंभीर मुलं अनेक छोट्या विभागांत विखुरलेली, तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात जवळजवळ सगळी मेलबर्नच्या एका मोठ्या विभागात. तीव्रतेचा फरक वजा करूनही ट्रेंटमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे दुप्पट होती.

सर्वांत वजनदार आक्षेप महाराष्ट्रातूनच निघतो. डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने उपचार उभा केला आणि मुलांचे मृत्यू झपाट्याने खाली आले. कुठली फेलोशिप, कुठलं यंत्र? खरंय. पण त्यांनी केलं काय ते नीट पाहू. विंचू चावलेल्या मुलाचेही हातपाय गार पडतात, अगदी सेप्सिससारखे. फरक असा की इथे विषामुळे रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, हृदयावर ताण असतो, आणि भराभर सलाईन सोडलं तर पाणी फुप्फुसात उतरतं. उशाशी बसून, तास-तास नोंदी ठेवून त्यांनी तो फरक ओळखला. फेलोशिपमध्ये नेमकं हेच शिकवायचं असतं, फक्त प्रत्येकाला ते स्वतःच्या हिमतीवर नव्याने शोधायला लावायचं नसतं. तालुक्याच्या दवाखान्यात असा तज्ज्ञ बसवा, असं कुणीच म्हणत नाही. व्हिक्टोरियाचा धडा असा की तज्ज्ञ थोड्या मोठ्या केंद्रांत एकवटावेत, तालुक्याच्या डॉक्टरला फोनवर लगेच सापडावेत आणि मूल हलवताना सोबत असावेत. मुलाला सुरक्षितपणे दुसरीकडे नेणं हा या प्रशिक्षणाचाच विषय आहे.

राहता राहिली पालकांची भीती: फेलो आमच्या बाळावर हात साफ करतो का? नळी घालणं, मोठ्या शिरेत सुई टाकणं यांचा सराव हल्ली आधी पुतळ्यावर होतो, मग वरिष्ठांच्या नजरेखाली, आणि मोकळीक टप्प्याटप्प्याने मिळते. जिथे हे पाळलं जातं तिथे फेलो असणं उलट फायद्याचं, कारण रात्री खाटेजवळ जागा असतो तो तोच. दाखल करताना यंत्रं किती आहेत हे विचारण्याऐवजी रात्री दोन वाजता विभागात प्रत्यक्ष कोण असतं आणि त्याचे वरिष्ठ किती मिनिटांत पोहोचतात, हे विचारा. क्वालालंपूरला बदललं होतं ते मुख्यतः हेच.