पाठवणीपाशी अडकणारी डिस्क

"पाठवणीपर्यंत छान चालते रे, आणि नेमकी तिथेच अडकते," मामी म्हणाली. डिस्क माझ्या मामेबहिणीच्या लग्नाची, २००७ सालची, मिरजेतली. आधी चित्रात चौकोन उमटायला लागतात, मग आवाज तुटतो, मग चित्र जागच्या जागी थिजतं आणि प्लेअरच्या पोटातून टिक्-टिक् ऐकू येत राहते. मामाला जाऊन वर्ष झालं होतं. मामीला ती शेवटची दहा मिनिटं हवी होती.

घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्क घेऊन नात्यातले बरेच जण माझ्याकडे येतात. "खराब झाली" एवढंच सांगतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठे अडकते? डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. सिनेमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ असते आणि शेवट कडेला. त्यामुळे शेवटी अडकणारी डिस्क आणि घातल्याघातल्या 'नो डिस्क' दाखवणारी डिस्क हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

मामीने घरी एक चाचणी केली होती. विकतची सिनेमाची डिस्क घालून पाहिली, ती चालली, म्हणून प्लेअर चांगला. बहुतेक जण असंच ठरवतात, आणि इथेच फसतात. विकतच्या डिस्कवर कारखान्यात साच्याने दाबून खरोखरीचे खळगे पाडलेले असतात. राइट केलेल्या डिस्कमध्ये असतो रंगद्रव्याचा थर, आणि लेसरने त्यावर भाजल्यासारखे डाग उमटवलेले असतात. प्लेअरचा लेसर थकला, लेन्सवर धूळ बसली, तरी दाबलेली डिस्क तो ओढून नेतो आणि राइट केलेलीवर हात टेकतो. पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूचं तर आणखी अवघड, तिच्यावरून प्रकाश निम्म्याहूनही कमी परततो. म्हणून चाचणी घ्यायची ती दुसऱ्या राइट केलेल्याच डिस्कने. मी माझी एक घातली, शेवटपर्यंत चालली. म्हणजे दोष डिस्कमध्ये.

ट्यूबलाइटखाली ती तिरकी धरली. जांभळट पृष्ठभागावर जिथवर लिहिलंय तो भाग वेगळ्या छटेचा दिसतो, कोऱ्या भागाशी त्याची गोल सीमा स्पष्ट असते. इथे ती सीमा जवळजवळ कडेला टेकली होती. डिस्क ४.७ जीबीची (संगणक तीच ४.३७ दाखवतो, मोजायची रीत वेगळी), आणि स्टुडिओवाल्याने ती काठोकाठ भरली होती. काठ हा डिस्कचा सर्वांत नाजूक भाग. डिस्क धरताना बोटं तिथे लागतात, आणि १६एक्सने राइट केली तर ड्राइव्ह पुरा वेग गाठतो तोही काठाशीच, त्यामुळे तिथले डाग कच्चे राहू शकतात. वरच्या बाजूला नवरानवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर. तो एका बाजूला फुगला होता. वेगाने फिरताना असा कागद तोल घालवतो आणि सर्वांत जास्त हेलकावे बसतात ते कडेलाच. मामी तो सोलायला निघाली होती, मी थांबवलं. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, पण ओढाताणीत त्या चकत्या एकमेकींपासून सुटू शकतात. सीडीत तर तो थर लेबलच्या लगेच खाली असतो, स्टिकरबरोबर लग्नही निघून येईल.

मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. पुसायचं भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा लिखाणाच्या दिशेनेच जातो आणि सलग माहिती खातो. आडवा ओरखडा डिस्क स्वतःच भरून काढते, दुरुस्तीसाठी जादा माहिती तिच्यावर आधीच लिहिलेली असते.

संगणकात 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर उघडला. पहिल्या फायली उतरल्या, शेवटचीपाशी त्रुटीचा संदेश. इथे 'रिट्राय' दाबत बसू नये, ड्राइव्ह एकाच जागी डोकं आपटत राहतो. मी अशा वेळी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम लावतो. सुमारे २३ लाख सेक्टर, प्रत्येक २०४८ बाइटचा. जे सहज वाचलं जातं ते तो आधी उचलतो, अडलेलं सोडून पुढे जातो, आणि काय राहिलं त्याचा नकाशा एका फायलीत ठेवतो. नंतर फक्त राहिलेल्या जागी परत येतो. नकाशा असल्यामुळे डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तिथूनच पुढे जाता येतं, आणि माझ्या अनुभवात खरा फरक त्यानेच पडतो. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. मामीची डिस्क रात्रभर माझ्या नव्या ड्राइव्हमध्ये कुरकुरली. सकाळी तीच जुन्या, जाड ड्राइव्हमध्ये घातली, वेग कमी करून, तेव्हा उरलेलं बहुतेक निघालं.

प्रत्येक तक्रारीला एवढे सायास लागत नाहीत. न्यू जर्सीतल्या चुलत वहिनीने इथून गेलेली डिस्क तिकडच्या प्लेअरवर चालत नाही म्हणून टाकून द्यायचं ठरवलं होतं. डिस्क ठणठणीत होती. आपल्याकडचं चित्र पालचं, सेकंदाला २५ फ्रेमचं, तिकडचे टीव्ही एनटीएससीचे. लॅपटॉपवर लगेच लागली. हँडीकॅमच्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्क दुसरीकडे लागत नाहीत, तेव्हा त्या बहुधा फायनलाइझ केलेल्या, म्हणजे लिखाण पुरं करून बंद केलेल्याच नसतात. तो कॅमेरा शोधून त्यातच फायनलाइझ केल्या की काम झालं, म्हणून कॅमेरा भंगारात देण्याआधी विचारा. आणि चालणारी डिस्क घरात असेल तर ती आजच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. चालतेय तोवर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटी ४८ सेक्टर निघाले नाहीत. ९६ केबी. चित्रात ते कुठे पडले पाहायला मी मामीला शेजारी बसवलं. गाडी फुलांनी सजवलेली, बहीण आत बसतेय, मामा डिकी नीट लागली का पाहतोय. तो वळतो तेव्हा चित्र क्षणभर फाटतं, चौकोन येतात, जातात, आणि तो खिडकीशी वाकलेला दिसतो. मामीला ते चौकोन दिसलेच नाहीत.

"हा शर्ट अजून कपाटात आहे," ती म्हणाली. "जरा मागे घे."