हौमेआ कुल
नेपच्यूनच्या कक्षेपलीकडील कायपर पट्ट्यात असलेला व एकाच मूळ पिंडापासून निर्माण झालेला बर्फाळ खस्थ पदार्थांचा समूह. मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांची अशी कुले हिरायामा या जपानी ज्योतिर्विदांनी १९१८ मध्येच दाखवून दिली होती. बाह्य सूर्यकुलात मात्र निर्विवादपणे ओळखले गेलेले हे एकच कुल असून त्याचा शोध मायकेल ब्राउन व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये जाहीर केला.

कुलातील सर्वांत मोठा घटक हौमेआ हा बटुग्रह होय. हवाई बेटांतील प्रसूतिदेवतेचे हे नाव त्याला २००८ मध्ये देण्यात आले व ते अन्वर्थकच म्हटले पाहिजे. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर सु. ४३ ज्योतिषशास्त्रीय एकके असून एका प्रदक्षिणेस सु. २८४ वर्षे लागतात. स्वतःभोवती मात्र तो अवघ्या ३.९ तासांत फिरतो. या वेगामुळे त्याचा आकार लांबट झाला असून सर्वांत लांब अक्ष सु. २,३०० किमी. आहे. त्याला दोन उपग्रह आहेत आणि २०१७ मध्ये एका ताऱ्याच्या पिधानाच्या वेळी त्याच्याभोवती कडेही आढळले.

केवळ कक्षा सारख्या असणे हा समान उगमाचा पुरेसा पुरावा नव्हे. असे साम्य योगायोगानेही येऊ शकते. येथे अवरक्त वर्णपट निर्णायक ठरला. २००२ टीएक्स ३००, १९९६ टीओ ६६ इ. घटकांच्या पृष्ठांवर जवळजवळ शुद्ध पाण्याचे बर्फ आढळते, तर पट्ट्यातील इतर बहुतेक पदार्थ काळपट वा तांबूस आहेत. हौमेआची घनता बर्फापेक्षा बरीच अधिक आहे. त्यामुळे मूळ पिंडाचे बर्फाचे कवच निघून त्याचे तुकडे झाले व खडकाळ गाभा मागे राहिला, असे अनुमान करतात.

कवच कशाने निघाले, हा खरा वादाचा मुद्दा आहे. प्रचंड आघाताने उडालेल्या तुकड्यांचे वेग मूळ पिंडाच्या मुक्तिवेगाच्या जवळपास, म्हणजे दर सेकंदास कित्येक शे मीटर असावयास हवेत. प्रत्यक्षात कक्षांवरून काढलेले सापेक्ष वेग दर सेकंदास सु. १५० मी. इतकेच भरतात. म्हणून दोन पिंड तिरकस आदळून एकत्र आले व वेगाने फिरणाऱ्या संयुक्त पिंडाने बर्फ झुगारले, आधी बनलेला एखादा मोठा उपग्रह फुटला किंवा अतिवेगवान परिवलनानेच कवच सुटले, असे पर्याय मांडले गेले आहेत. यांपैकी एकही सर्वमान्य झालेला नाही. कक्षांच्या विखुरण्यावरून हे कुल निदान १ अब्ज वर्षे जुने असावे, असे दिसते. एवढा काळ प्रारणांचा मारा सोसूनही त्याचे बर्फ इतके शुभ्र का राहिले, याचा उलगडाही पुरता झालेला नाही.