आकृतीभोवतीची चौकट

मागच्या लेखांकात आपण बाह्य परिणाम पाहिले, म्हणजे कारखान्याच्या हिशेबात न येणारा पण नदीकाठच्या गावाला सोसावा लागणारा खर्च. अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत पर्यावरण येते ते एवढ्याच प्रकरणापुरते. हर्मन डेली यांचा आक्षेप नेमका यालाच होता. लुइझियाना स्टेट आणि १९९४ पासून मेरीलँड विद्यापीठात शिकवणाऱ्या या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या मते पर्यावरण हा अर्थव्यवस्थेचा एक विभाग नाही. अर्थव्यवस्थाच निसर्गाच्या पोटात आहे, आणि शिकवण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. मला हा आग्रह रास्त वाटतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उत्पन्नाचा चक्रीय प्रवाह शिकवतात. कुटुंबांकडून श्रम उद्योगांकडे जातात, उद्योगांकडून वस्तू कुटुंबांकडे येतात, पैसा उलट दिशेने फिरतो. या आकृतीत बाहेरून कोळसा येत नाही की बाहेर धूर जात नाही. मग हे चक्र किती मोठे व्हावे, हा प्रश्न विद्यार्थ्याला सुचणार कुठून?

डेली १९८८ ते १९९४ जागतिक बँकेत होते. बँकेच्या १९९२ च्या जागतिक विकास अहवालाचा विषय होता विकास आणि पर्यावरण. मसुद्यातल्या एका आकृतीत ‘अर्थव्यवस्था’ असे लिहिलेला चौकोन होता, एक बाण आत शिरणारा, एक बाहेर पडणारा. याभोवती मोठी चौकट काढून तिला ‘पर्यावरण’ म्हणा, असे डेलींनी सुचवले. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, नंतरच्या मसुद्यात चौकट आली, पण नावाशिवाय, नुसत्या किनारीसारखी. आणि त्यानंतर आकृतीच वगळली गेली. नाव दिले असते तर आतला चौकोन बाहेरच्या चौकटीच्या मानाने केवढा असावा, हे विचारणे भाग पडले असते.

टंचाई आली की किंमत वाढते आणि माणूस पर्याय शोधतो, हे यावरचे वजनदार उत्तर. १९८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांच्याशी पाच धातूंच्या किमती वाढणार नाहीत अशी पैज लावली आणि १९९० मध्ये जिंकली. पण तांब्याला मालक आहे, बाजारभाव आहे. वातावरणाला यातले काहीच नाही. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या पुढे आहे. ही वाढ कोणत्याही बाजारभावाने आपणहून रोखलेली नाही. डेलींचे मासेमारीचे उदाहरणही इथे लागू पडते. एकेकाळी बोटी कमी होत्या, आता मासे कमी आहेत. बोट कितीही सुधारली तरी ती माशाची जागा घेत नाही.

गरीब देशांनी वाढ थांबवायची का, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तशी डेलींची मागणी नव्हती. श्रीमंतांनी थांबून गरिबांना जागा करून द्यावी, असे ते म्हणत. श्रीमंतांना थांबवणार कोण, याचे उत्तर मात्र त्यांच्याकडे अपुरे आहे, हे मान्य करावे लागते. तरीही जोशुआ फार्ली यांच्यासह लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी निदान प्रश्नांचा क्रम बदलला: आधी अर्थव्यवस्थेचा आकार, मग न्याय्य वाटणी, आणि त्यानंतर बाजाराची कार्यक्षमता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे पर्यावरण अभ्यास पदवीला सक्तीचा झाला, पण तो वेगळा विषय म्हणून. अर्थशास्त्राच्या तासाला जंगलतोडीतून आलेले उत्पन्न जीडीपीत मिळवायला शिकवतात, गेलेले जंगल वजा करायला नाही. तशी वजाबाकी करणारा निर्देशांक डेली आणि जॉन कॉब यांनी १९८९ मध्ये मांडला. पुढील लेखांकात त्याची रीत पाहू.